पाटी ‘कॉन्व्हेन्ट’ची, अंगण पोरके

विदर्भातील कोणत्याही तालुक्याच्या गावी सकाळच्या वेळी फेरफटका मारावा. देवादिकांची आणि संतांची नावे धारण केलेल्या शाळांच्या पाट्या ठिकठिकाणी दिसतात आणि त्या पवित्र नावांपुढे एक शब्द हमखास जोडलेला असतो : ‘कॉन्व्हेन्ट’. आत ना धर्मभगिनी असतात, ना प्रार्थनामंदिर, ना क्रूस. संस्थाचालक हिंदू, शिकविणाऱ्या बाई हिंदू आणि येणारी बालकेही हिंदू. या शब्दाचा मूळ अर्थ ख्रिस्ती धर्मभगिनींचा मठ असा आहे, याची चालकाला कल्पना नसते आणि पालकाला पर्वा नसते. मुलाला बालवाडीत घातले असे त्या भागात फारसे कोणी म्हणत नाही. ‘कॉन्व्हेन्टला टाकले’ असेच म्हणतात. परक्या मठाचे नाव घेतल्यावाचून जेथे सरस्वतीलाही विद्यार्थी मिळेनासे झाले, तेथे आजार किती खोलवर गेला आहे हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

या आजाराचे निदान मात्र बहुधा चुकीचे केले जाते. विषय कॅथलिक शाळांचा निघाला की चर्चा धर्मांतरावर येऊन थांबते. तीन वर्षांचे मूल शाळेतली प्रार्थना म्हणते म्हणून त्याचा धर्म बदलतो काय, यावर तावातावाने वाद होतात. त्या वयात मुलाचे धर्मांतर होत नाही. होते ते त्याच्या मनाचे भाषांतर. आणि ते भाषांतर घडविण्यासाठी त्याच्या हातून सर्वप्रथम काढून घेतला जातो तो त्याचा खेळ. खरा प्रश्न हा आहे, आणि त्याचे उत्तर केवळ चर्चकडे मागून भागणारे नाही.

तीन वर्षांच्या मुलाची कचेरी

ज्या नमुन्याचे अनुकरण गावोगाव चालले आहे, त्याचे स्वरूप एकदा डोळ्यांसमोर आणले पाहिजे. गळ्यात टाय, पायांत बंद बूट, पाठीवर दप्तर. वर्गात एकामागे एक मांडलेले बाक. हातात पेन्सिल आणि समोर चार रेघांची वही. एकाच इंग्रजी अक्षराने पान भरायचे, ते भरले की पुढचे पान. ‘ॲपल’चे स्पेलिंग घोकायचे, न पाहिलेल्या हिमवर्षावाची गाणी म्हणायची आणि घरी जाताना गृहपाठ न्यायचा. जागेवरून उठणे हा गुन्हा आणि शेजारच्याशी आईच्या भाषेत बोलणे हा त्याहून मोठा गुन्हा! लघवीला जाण्याची परवानगी इंग्रजीत मागता न आल्याने चड्डी ओली करून रडवेले उभे राहिलेले मूल ज्यांनी पाहिले नाही, अशा बालशिक्षिका या महाराष्ट्रात विरळाच असतील.

कारकुनालाही दुपारची सुटी असते. या चिमुकल्या कारकुनाला घरी गेल्यावर शिकवणी असते!

हे सारे ‘कॉन्व्हेन्टची शिस्त’ या नावाखाली आदराने सांगितले जाते. परंतु यातील किती भाग खरोखर कॅथलिक शिक्षणपरंपरेचा आहे? येथेच हिंदू पालकाची फसगत उघडी पडते. भारतातील कॉन्व्हेन्ट शाळांचा पूर्वेतिहास पाहावा. १८४२ साली लोरेटोच्या धर्मभगिनींनी कलकत्त्यात आपली शाळा उघडली. त्या काळच्या अशा शाळा मुख्यतः युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलींसाठी होत्या. त्या मुलींच्या घरची भाषाच इंग्रजी होती. म्हणजे त्या धर्मभगिनी मुलांना त्यांच्या घरच्याच भाषेतून शिकवीत होत्या! पुढे एतद्देशीय उच्चभ्रूंची मुले तेथे आली, इंग्रजी ही सरकारी नोकरीची किल्ली ठरली आणि दीडशे वर्षांनंतर वाशीम-यवतमाळकडच्या मुलालाही तीच भाषा, तोच टाय आणि तेच बाक ही विद्येची लक्षणे म्हणून बांधून देण्यात आली. मूळ तत्त्व हरवले, पोशाख तेवढा उरला.

माँटेसोरीबाईंचे विस्मरण

बालशिक्षणाच्या क्षेत्रातील ज्या नावाचा जप ही सर्व मंडळी करतात, त्या डॉ. मारिया माँटेसोरी स्वतः श्रद्धावान कॅथलिक होत्या. ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब कामकऱ्यांच्या वस्तीत त्यांनी आपले पहिले बालगृह उघडले. तेथील मुलांची भाषा वस्तीतलीच होती. बाईंनी मुलांच्या मापाची हलकी टेबले आणि खुर्च्या करविल्या, जेणेकरून मुलाने त्या स्वतः उचलून हव्या तेथे न्याव्यात. जमिनीला खिळलेल्या बाकांवर त्यांनी कडाडून टीका केली. मुलांना अशा बाकांत जखडणे म्हणजे फुलपाखरांना टाचणीने टोचून ठेवणे होय, अशा अर्थाची उपमा त्यांनी दिली. अक्षरे शिकविण्यापूर्वी त्यांनी मुलांना पाणी ओतायला, गुंड्या लावायला, फरशी पुसायला दिली. अक्षरे आली तीही खरखरीत कागदाची कापलेली, बोटांनी गिरवायची. आणि ती मुलांच्या स्वतःच्या इटालियन भाषेची. हात तयार झाल्यावर मुले आपण होऊन लिहू लागली.

धर्मशिक्षणाच्या बाबतीतही त्यांनी हीच वाट धरली. स्पेनमधील बार्सेलोना येथे त्यांच्या पद्धतीच्या शाळेत मुलांनी गहू पेरला आणि द्राक्षवेली लावल्या. चर्चच्या उपासनेत जी भाकरी आणि जो द्राक्षारस लागतो, त्याची सुरुवात मुलांनी मातीत हात घालून केली. पाठांतराने नव्हे, तर पेरणीने श्रद्धेची ओळख! गणेशचतुर्थीला अंगणातील माती कालवून मूर्ती घडविणाऱ्या, हादग्याचा हत्ती पाटावर काढून त्याभोवती फेर धरणाऱ्या आणि दिवाळीत किल्ला बांधून त्यावर अळीव पेरणाऱ्या मराठी मुलाला यात परके असे काय वाटावे? कॅथलिक शाळेतील खेळ आणि हिंदू अंगणातील खेळ येथे एकमेकांचे सख्खे शेजारी ठरतात. परके ठरते ते चार रेघी वहीचे कारकुनी शिक्षण, आणि ते दोन्ही घरांना सारखेच परके आहे.

नोव्हेंबर १९३९ मध्ये माँटेसोरीबाई मद्रासला आल्या. महायुद्धात इटली शत्रुपक्षात गेल्याने इंग्रज सरकारने त्यांच्यावर निर्बंध घातले आणि त्यांचे पुत्र मारिओ यांना अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध केले. बाईंच्या सत्तराव्या वाढदिवशी, ऑगस्ट १९४० मध्ये त्यांची सुटका झाली. पुढील अनेक वर्षे या मायलेकरांनी भारतीय शिक्षक घडविले. ज्या मराठी भूमीचा या इतिहासाशी इतका निकटचा संबंध, तेथे आज ‘माँटेसोरी’ हा शब्द केवळ फी वाढविण्याच्या कामी येतो, ही केवढी विटंबना! काही कॅथलिक संस्था आजही ही पद्धत निष्ठेने चालवितात, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु गर्दी ज्या फाटकाबाहेर जमते ते त्यांचे नसते. ते टाय-बाकवाल्यांचे असते.

खेळ म्हणजे वेळकाढूपणा नव्हे

खेळ हे शिक्षणच आहे, हे या भूमीला कोणी बाहेरून येऊन शिकविण्याची गरज नव्हती. सागरगोटे झेलणाऱ्या मुलीच्या नजरेची आणि हाताची जी जुळणी होते, ती कोणत्याही वहीने होत नाही. मनगटाची आणि बोटांची हाडे-स्नायू तिसऱ्या वर्षी पेन्सिल पेलण्याइतके तयार नसतात. ते तयार होतात माती मळताना, शेंगा सोलताना, रांगोळीची चिमूट धरताना. चिंचोके मोजणाऱ्या मुलाला पाच म्हणजे काय हे हाताला कळलेले असते. आकडा नंतर आला तरी तो अर्थासह येतो. भातुकलीत आईचे सोंग घेणारी पोर दुसऱ्याच्या जागी उभे राहून विचार करायला शिकते. लपंडावात राज्य घेणारे मूल डोळे मिटून शंभरपर्यंत थांबायला, म्हणजेच मनाला आवरायला शिकते. ही शिस्त बाकाने लावलेल्या शिस्तीहून अधिक टिकाऊ असते, कारण ती मुलाने स्वतः स्वीकारलेली असते.

आणि या साऱ्याला भाषा लागते. खेळात मूल अखंड बोलते, भांडते, नियम ठरविते, मोडते. परक्या भाषेत त्याला हे करता येत नाही. म्हणून खेळ बंद केल्यावाचून आईची भाषा बंद करता येत नाही आणि आईची भाषा बंद केली की खेळ आपोआप मरतो. दोहोंची हत्या एकाच आघातात होते.

गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर उघडले तेव्हा माँटेसोरीबाईंचा विचार त्यांनी गुजराती गोष्टींत आणि गाण्यांत भिजवून घेतला. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी तो महाराष्ट्रात आणला. १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. महागडी परदेशी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. ताराबाईंनी शंख-शिंपले, खडे, पाने, काड्या यांचीच साधने केली. वस्तीतील मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळा त्यांच्या अंगणात नेली आणि ‘अंगणवाडी’ जन्मास आली. पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी हेच व्रत चालले. गुरे चारायला जाणाऱ्या मुलांसाठी ‘कुरणशाळा’ निघाली, म्हणजे शाळाच कुरणात गेली! २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. एका कॅथलिक विदुषीचा विचार दोन हिंदू स्त्रियांनी वारल्यांच्या अंगणात रुजविला आणि तो भारतभर पसरला. ग्रहण कसे करावे याचा हा आदर्श. आणि नक्कल कशी असते, हे पाहायचे असेल तर पुन्हा त्या ‘कॉन्व्हेन्ट’च्या पाटीकडे पाहावे.

दोष कोणाचा?

“इंग्रजीवाचून पोट कसे भरणार?” हा पालकांचा ठरलेला प्रश्न आहे. त्यात तथ्य नाही असे नाही. इंग्रजी आलीच पाहिजे, उत्तम आली पाहिजे. परंतु तिसऱ्या वर्षी मातृभाषा तोडल्याने इंग्रजी येते हा समज निराधार आहे. ज्याला एका भाषेत नीट विचार करता येतो, त्याला दुसरी भाषा शिकता येते. ज्याला एकीतही करता येत नाही, त्याच्या हाती दोन्ही भाषांची टरफले येतात. फिनलंडमध्ये औपचारिक शालेय शिक्षणाचा आरंभ सातव्या वर्षी होतो आणि त्यापूर्वी मुले खेळतात; म्हणून तो देश अडाणी राहिला, असे कोणी म्हटलेले नाही.

प्रा. यशपाल यांच्या समितीने १९९३ मध्येच शालेय ओझ्यावर बोट ठेवून बालवर्गाच्या प्रवेशासाठी चाचण्या आणि मुलाखती घेऊ नयेत असे सुचविले होते. तीन दशके उलटली. चाचण्यांनी रूप बदलले, पण पालकांची धास्ती गेली नाही. ही धास्ती चर्चने निर्माण केलेली नाही. मुलाच्या तिसऱ्या वाढदिवसापूर्वीच शाळांच्या याद्या काढणारा, शिफारशीसाठी नेत्यांच्या दारी खेटे घालणारा आणि घरी आजीला “मुलाशी मराठीत बोलू नका” असे बजावणारा माणूस हिंदू आहे, मराठी आहे, बहुधा सुशिक्षितही आहे.

गोव्याचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. १९९० मध्ये शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना गोवा सरकारने प्राथमिक स्तरावर देशी भाषांच्या माध्यमालाच अनुदान देण्याचे धोरण स्वीकारले. तेव्हा चर्चच्या बहुतेक अनुदानित प्राथमिक शाळांनी इंग्रजी सोडून कोकणी माध्यम पत्करले. सुमारे वीस वर्षे त्या शाळांतून कोकणीत धडे दिले गेले. चर्च बुडाले नाही, श्रद्धा आटली नाही. २०११ मध्ये काँग्रेस सरकारने इंग्रजी माध्यमालाही अनुदानाचे दार उघडले आणि २०१२ नंतर आलेल्या भाजप सरकारनेही अल्पसंख्याक संस्थांच्या इंग्रजी शाळांचे अनुदान चालू ठेवले. त्याविरुद्ध भारतीय भाषा सुरक्षा मंचाला रस्त्यावर उतरावे लागले. यातून दोन गोष्टी सिद्ध होतात. कॅथलिक शाळा आणि मातृभाषा यांत मूलतः वैर नाही, ही पहिली. आणि राज्यकर्ते कोणत्याही पक्षाचे असोत, पालकांच्या इंग्रजीवेडापुढे त्यांचा कणा ताठ राहत नाही, ही दुसरी. दुसरी गोष्ट कटू असली तरी गिळलीच पाहिजे.

ढाल कोणाविरुद्ध?

याचा अर्थ कॅथलिक संस्थांकडे हिशेब मागू नये असा नाही. राज्यघटनेच्या ३०व्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था चालविण्याचा अधिकार दिला. त्यामागचा हेतू त्यांची भाषा, संस्कृती आणि श्रद्धा टिकाव्यात हा होता. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या २०२१ मधील अहवालानुसार ख्रिस्ती अल्पसंख्याक शाळांतील सुमारे ७४ टक्के विद्यार्थी ख्रिस्तीतर आहेत. ज्या वर्गातील चारांपैकी तीन मुले दुसऱ्या समाजाची, तेथे अधिकार अल्पसंख्याकांचा आणि बालपण मात्र बहुसंख्याकांचे पणाला लागते. ६ मे २०१४ च्या प्रमाती खटल्याच्या निकालाने अल्पसंख्याक शाळा शिक्षणहक्क कायद्याच्या कक्षेबाहेर गेल्या. प्रवेशासाठी मुलाची चाळणी लावण्यास त्या कायद्याने केलेली मनाई आणि दुर्बल घटकांसाठीच्या २५ टक्के जागा, या दोन्ही तरतुदी त्यांच्यापुरत्या गळून पडल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींनी या निकालाविषयी साशंकता व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठाच्या विचारार्थ सरन्यायाधीशांकडे पाठविला. ३०वा अनुच्छेद ही सरकारी हस्तक्षेपाविरुद्धची ढाल आहे. तीन वर्षांच्या मुलाविरुद्ध ती वापरता येणार नाही, हे कायद्याने ठरायचे तेव्हा ठरो, विवेकाने आजही ठरू शकते.

आणि तसा विवेक त्या परंपरेत नाही असे कोण म्हणेल? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये शिक्षणाविषयी जो जाहीरनामा काढला, त्यात आईबाप हेच मुलाचे आद्य आणि प्रमुख शिक्षक असल्याचे स्पष्ट सांगितले आहे. आईला आद्य शिक्षिका मानायचे आणि तिच्या भाषेला वर्गाबाहेर उभे करायचे, हे कोणत्या धर्मतत्त्वात बसते? २०२४ मध्ये भारतातील कॅथलिक धर्माध्यक्षांच्या परिषदेने आपल्या शाळांना अन्य धर्मीय विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती प्रथा लादू नयेत अशी सूचना केली. ती स्वागतार्ह आहे. पण तीच वृत्ती भाषेच्या आणि खेळाच्या बाबतीत का दिसू नये? ज्या परंपरेतील फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले, ज्या वसईच्या भूमीतील फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, त्या परंपरेला बालवर्गात मराठी बडबडगीत जड का व्हावे?

अंगण पुन्हा सारवावे लागेल

परंतु दुसऱ्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार स्वतःच्या आचरणातून येतो. हिंदू संस्थांनी चालविलेल्या किती बालवाड्यांत आज मुले मनसोक्त खेळतात? सरस्वतीची प्रतिमा भिंतीवर आणि चार रेघी वही बाकावर, हे दृश्य काय कमी आहे? वर्षातून एकदा मुलांना राधा-कृष्णाचे पोशाख घालून छायाचित्रे काढली म्हणजे संस्कार झाले, अशी समजूत करून घेणाऱ्या संस्थांनी कॉन्व्हेन्टला नावे ठेवू नयेत. कृष्णाचे बालपण वहीवर गेले नाही. ते गोकुळाच्या रानात गेले.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ या वयोगटाला प्रथमच शिक्षणाचा पायाभूत स्तर म्हणून मान्यता दिली. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या त्याच्या आराखड्याने पंचकोश विकासाची संकल्पना, खेळातून शिक्षण आणि घरची भाषा यांना मध्यवर्ती स्थान दिले. ताराबाई-गिजुभाईंनी जे अंगणात सिद्ध केले, ते आता शासनाच्या कागदावर आले आहे. कागदावरून ते पुन्हा अंगणात उतरविण्याचे काम समाजाचे आहे. प्रत्येक संस्थाचालकाने बालवर्गातील बाक काढून सतरंजी घालावी, टाय उतरवावा, वही पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत कपाटात ठेवावी आणि वाळू, माती, पाणी, बी-बियाणे मुलांच्या हाती द्यावे. आजी-आजोबांना आठवड्यातून एक दिवस गोष्ट सांगायला बोलवावे. पालकांनी प्रवेशापूर्वी “इंग्रजी किती?” असे न विचारता “मुले किती वेळ खेळतात आणि कोणत्या भाषेत भांडतात?” असे विचारावे. अंगणवाडीताईंना पुरेसे मानधन आणि मान मिळावा म्हणून समाजाने त्यांच्या पाठीशी उभे राहावे, कारण ताराबाईंचा वारसा आज खऱ्या अर्थाने त्यांच्याच हाती आहे. धर्मभगिनींची स्वच्छता, वक्तशीरपणा आणि आयुष्य वाहून टाकणारी निष्ठा अवश्य घ्यावी; ते खरे घेण्याजोगे आहे, आणि नेमके तेच कोणी घेत नाही.

हे घडले, तर ‘कॉन्व्हेन्ट’ची पाटी कोणी उतरवावी म्हणून आंदोलन करण्याची वेळ येणार नाही. फाटकाबाहेरची रांग आपोआप ओसरेल, आणि फाटकाच्या आतील शाळांनाही आपल्या माँटेसोरीबाईंची आठवण होईल. तोवर मात्र अंगणातील मातीत उकिडवे बसून आपल्याशीच मराठीत गुणगुणणारे ते तीन वर्षांचे मूल हात धरून उठविले जाईल, त्याचे हात धुऊन पुसले जातील आणि त्याला बाकावर नेऊन बसविले जाईल. त्याला उठविणारा हात परका नसेल. तो त्याच्या आईचाच असेल.